सूटपत्र आणि समासातील नोंद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. हे ज्याने प्रथम म्हटले त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा शेताचा बांध, विहिरीचे पाणी किंवा भाऊबंदकीतला एखादा वाद असावा. आमच्या कॅथलिक समाजात मात्र या व्यवहारी सल्ल्याला विवाहाच्या बाबतीत जवळजवळ धर्माज्ञेचे रूप आले आहे. हातभर बांधासाठी तीन पिढ्या तारखा घालणाऱ्या घरातील वडीलधारी मंडळीदेखील, मुलीचा संसार मोडला म्हणजे 'आपल्यात कोर्ट नसते' असे सांगून मोकळी होतात. मुलगी दोन लेकरे घेऊन माहेरी येते. नवरा आखातात असतो, किंवा चार गावांपलीकडे दुसऱ्या बाईबरोबर राहत असतो. वर्षे सरतात. शाळेच्या अर्जावर, पारपत्राच्या कागदांवर, बँकेत, तलाठ्याकडे जेथे जेथे 'विवाहित की अविवाहित' असा रकाना येतो तेथे तेथे तिचे पेन क्षणभर अडते. ती पत्नी आहे, पण संसार नाही. एकटी आहे, पण तसे सांगणारा कागद नाही.

विवाहाच्या अतूटपणाविषयी या लेखात आम्हांला शंका काढावयाची नाही. तो संस्कार आहे आणि त्याचे बंधन कोणत्याही न्यायाधीशाच्या सहीने सुटत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही मनापासून मानतो. प्रश्न निराळा आहे. संसार मोडलाच असेल, तर त्या मोडण्याचे सत्य कोणाच्या मालकीचे? ते लिहून ठेवावे की झाकून ठेवावे? आणि ते लिहवून घेण्यासाठी जो किंवा जी न्यायालयाच्या दारी जाते, ती व्यक्ती आपल्या श्रद्धेशी प्रतारणा करते काय?

आधी शब्दांकडे पाहावे. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण सहज उच्चारतो. पण जुन्या धर्मशास्त्रात तो पतिताला जातीबाहेर टाकण्याच्या विधीचा शब्द होता. त्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा पालथा करीत आणि तो आपल्यापुरता मेला असे समजत. विवाहविच्छेदाला नेमका हाच शब्द का चिकटला ते भाषापंडितांनी सांगावे. चिकटला तो अचूक चिकटला, एवढे आपल्या गावांतील अनुभवावरून म्हणता येते. 'काडीमोड' या शब्दात एक काडी मोडते आणि सारे संपते. 'सोडचिठ्ठी' हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द. त्यात निदान एक चिठ्ठी आहे, हाती धरता येईल असा कागद आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. नवऱ्याने सोडलेल्या बाईला 'टाकलेली' म्हणणाऱ्या आपल्या भाषेत टाकणाऱ्या पुरुषासाठी शब्दच नाही.

ही चिठ्ठी फार जुनी आहे. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात, सूटपत्राचा उल्लेख येतो. प्रभू येशूने परूश्यांना बजावले की, ही मोकळीक लोकांच्या अंतःकरणाच्या कठोरपणापोटी दिलेली होती, आणि त्यांचे लक्ष देवाच्या आरंभीच्या योजनेकडे वळविले. त्यामुळे सूटपत्र म्हटले की आपल्याला केवळ ती मोकळीक आठवते आणि त्या कागदाचे दुसरे काम आपण विसरतो. त्या काळचा पुरुष 'चालती हो' एवढे तोंडाने म्हणून बायकोला घराबाहेर काढू शकला असता. नियमशास्त्राने त्याला ते लिहायला लावले आणि तो कागद तिच्या हाती द्यायला लावला. कागद नसता, तर ज्याने हाकलले तोच उद्या तिच्यावर हक्क सांगू शकला असता, किंवा दुसऱ्याशी घर मांडले म्हणून तिला व्यभिचारिणी ठरवू शकला असता. अंतःकरणे कठोरच राहणार असतील तर दुर्बळाच्या हाती एक पुरावा असावा, इतपत दया त्या नियमात होती. आमची अंतःकरणे त्या लोकांपेक्षा मऊ आहेत असा आमचा दावा असेल, तर आमच्या गावात टाकलेल्या स्त्रीच्या हाती तेवढाही कागद का नसावा?

उलट बाजूलाही शुभवर्तमानाचाच आधार आहे, तो लपविणे बरे नव्हे. संत योसेफाने मरियेला गुपचूप सोडून देण्याचा विचार केला होता, असे संत मत्तय पहिल्याच अध्यायात सांगतो. आणि योसेफ नीतिमान होता म्हणून त्याच्या मनात असे आले, असेही सांगतो. म्हणजे मौन राखणे हीसुद्धा नीतिमत्ता असू शकते. चव्हाट्यावर न नेणे ही दया असू शकते. आम्हांला हे मान्य आहे. पण योसेफाचे मौन कोणासाठी होते ते पाहावे. त्याला मरियेची बेअब्रू टाळावयाची होती, आणि त्यासाठी जे काही सोसावे लागेल ते तो स्वतः सोसणार होता. आमच्या घरांतील मौनाने बहुतेक वेळा घराण्याची अब्रू राखली जाते, धाकट्या बहिणीच्या लग्नाची वाट मोकळी राहते, पाटावरच्या चार माणसांत मान खाली जात नाही. आणि या सगळ्याची किंमत एकटी ती मोजते. दोन्ही मौने दिसायला सारखी असली तरी त्यांची जात वेगळी.

धर्मग्रामाच्या कपाटातील विवाहनोंदवहीचा इतिहास या संदर्भात पुष्कळांना ठाऊक नसतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात वधूवरांनी एकमेकांना दिलेल्या केवळ संमतीनेही विवाह वैध होत असे. धर्मगुरू नसला, साक्षीदार नसले तरी चाले. परिणाम असा झाला की, पुरुष एकीशी गुप्तपणे विवाह करीत, तिला सोडून देत आणि दुसरीशी उघडपणे देवळात लग्न लावीत. पहिलीपाशी पुरावा नसे आणि ख्रिस्तसभेला न्याय करता येत नसे. १५६३ साली ट्रेंटच्या महासभेने 'तामेत्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदेशात ही कैफियत स्पष्टपणे मांडली, आणि म्हणून विवाहासाठी धर्मगुरू व साक्षीदार आवश्यक ठरविले, देवळात तीन वेळा नावे पुकारण्यास सांगितले, आणि वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ यांची वही ठेवण्याची जबाबदारी धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर टाकली. ज्या वहीची आठवण आपल्याला परदेशी जाण्यासाठी दाखला काढावा लागला म्हणजेच होते, ती वही अशी सोडून दिलेल्या स्त्रीच्या तक्रारीतून सर्वत्र बंधनकारक झाली.

ही वही केवळ जुळलेल्या विवाहांची नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११२२ व ११२३ ही कलमे पाहावीत. विवाह झाला की त्याची नोंद वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या वहीतही करावयाची असते; विवाह दुसऱ्या गावी झाला असेल तर तेथून जन्मगावच्या धर्मग्रामाला कळवावयाचे असते. आणि पुढे तो विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय झाला, किंवा मृत्यूखेरीज अन्य कारणाने ख्रिस्तसभेच्या अधिकाराने तो विसर्जित झाला, तर तेही विवाहाच्या आणि स्नानसंस्काराच्या, दोन्ही वह्यांत लिहावयाचे असते. सहसा ही ओळ समासात येते. लग्न ठरल्यावर धर्मगुरू नव्याने काढलेला स्नानसंस्काराचा दाखला मागतात तेव्हा आपण कुरकुरतो, 'बाप्तिस्मा काय दोनदा होतो, की दाखला नवा लागतो?' दाखला नवा लागतो तो समासासाठी. माणूस एकदाच जन्मतो. त्याच्या नावासमोरचा समास मात्र आयुष्यभर भरत जातो. ख्रिस्तसभेला मोडलेल्या विवाहाविषयी मौनच हवे असते तर तिने ही व्यवस्था जपली नसती.

आता सरकारदरबारची बाजू. आपल्या विवाहांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. मूळ कायद्याप्रमाणे पुरुषाला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. स्त्रीला मात्र नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा निदान दोन वर्षांचा परित्याग अशी आणखी काही गोष्ट सिद्ध करावी लागे. मारहाण कितीही असो, नवरा 'चारित्र्यवान' असला की कायदा हात वर करी. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेला निकाल उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कायम करीपर्यंत अपुराच राही. ठाण्यात जिंकलेली बाई मुंबईच्या दारात पुन्हा वर्षानुवर्षे उभी. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली. २००१ साली संसदेने कायदाच दुरुस्त केला. तेव्हापासून क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग ही स्वतंत्र कारणे झाली आहेत, ती पतीला व पत्नीला समान आहेत, आणि उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची अट गेली आहे. उभयतांच्या संमतीने अर्ज करण्याची सोयही तेव्हाच आली. त्यासाठी कायद्याच्या शब्दांत दोन वर्षे वेगळे राहिलेले असावे लागते; केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली ही मुदत एक वर्षाची मानावी असे म्हटले. अर्ज दिल्यावर किमान सहा महिने थांबावे लागते, विचार बदलण्यास वाव राहावा म्हणून.

अर्ज कोठे करावा, हा खेड्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. विवाह जेथे लागला, पतिपत्नी जेथे राहतात, किंवा शेवटी जेथे एकत्र राहिली, त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात; शहरात कुटुंब न्यायालय असेल तर तेथे. बरोबर विवाहाचा दाखला हवा, म्हणजे पुन्हा धर्मग्रामाच्या वहीकडेच यावे लागते. वकिलाच्या फीच्या धास्तीने पुष्कळजणी मागे फिरतात. त्यांना सांगावयास हवे की, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जाता येते. चारचौघांत धिंडवडे निघतील ही भीतीही अनाठायी आहे, कारण असा खटला बंद दाराआड चालविण्याचा अधिकार न्यायालयाला १८६९ पासूनच आहे. योसेफाच्या मौनाला कायद्याने अशी थोडी जागा ठेवलेली आहे.

पण कॅथलिक माणसाने हे करावे काय? १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात या प्रश्नाचे उत्तर आहे आणि ते आपल्या पंचांच्या उत्तरापेक्षा सौम्य आहे. काही न्याय्य हक्क, मुलांचा सांभाळ किंवा मालमत्तेचे रक्षण यांसाठी नागरी घटस्फोट हाच एकमेव मार्ग उरला असेल, तर तो सहन केला जाऊ शकतो आणि ते नैतिक पाप होत नाही, असे तेथे सांगितले आहे. ज्याने आपला विवाह टिकविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि ज्याच्यावर घटस्फोट लादला गेला, त्याने धर्मनियम मोडला असे होत नाही, असेही सांगितले आहे. नागरी घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद बंद, ही समजूत आपल्या गावांत घट्ट रुजली आहे. ती चुकीची आहे. अडचण दुसऱ्या विवाहाने येते, कागदाने येत नाही. कितीतरी बाया केवळ या समजुतीपायी मिस्साला मागच्या बाकावर बसतात आणि ख्रिस्तशरीर घेण्यासाठी उठत नाहीत. त्यांना कोणी उठू नका असे सांगितलेले नसते. उठा असेही कोणी सांगत नाही.

घटस्फोटापेक्षा आपल्या श्रद्धेला जवळचा असा एक मार्ग त्याच १८६९ च्या कायद्यात पहिल्यापासून आहे, तो म्हणजे न्यायालयीन विभक्तता. विवाहबंधन कायम राहते, एकत्र राहण्याची सक्ती संपते, आणि त्यानंतर पत्नीने मिळविलेली मालमत्ता तिची स्वतःची राहते. मृत्युपत्राविना ती गेली तर नवरा हयात नाही असे समजून ती मालमत्ता वारसांकडे जाते. धर्मसंहितेतही याच स्वरूपाची तरतूद आहे. जोडीदारामुळे शरीराला, आत्म्याला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर बंधन राखून वेगळे राहण्याचे न्याय्य कारण तेथे मानले आहे. मारकुट्या नवऱ्याकडे मुलीला परत धाडणारे आई-बाप आपण ख्रिस्तसभेची आज्ञा पाळतो असे समजत असतील, तर त्यांनी ११५३ वे कलम एकदा धर्मगुरूंकडून समजावून घ्यावे. हिशेबी माणसांसाठी आणखी एक गोष्ट: घटस्फोट झाला की पत्नीचा वारसाहक्क संपतो. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे मुले असताना ख्रिस्ती विधवेला पतीच्या मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा मिळतो, तो घटस्फोटितेला मिळणार नाही. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी कोणता कागद मागावयाचा याचा शांतपणे विचार व्हावा. रागाच्या भरात मागितलेला कागद आणि भीतीपोटी न मागितलेला कागद, दोन्हींचे चटके पुढे मुलांना बसतात.

दोन कागदांची गल्लत तर सर्रास होते. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला की सगळे आटोपले, असे पुष्कळांना वाटते. १९९६ साली मॉली जोसेफ विरुद्ध जॉर्ज सेबॅस्टियन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशा निर्णयाने देशाच्या कायद्यातील विवाह सुटत नाही. ख्रिस्तसभेच्या निर्णयाला घटस्फोटाचे नागरी मोल द्यावे अशी मागणी करणारी याचिकाही त्या न्यायालयाने २०१७ साली फेटाळली. दुसरीकडे, नुसता कोर्टाचा निकाल घेऊन आलेल्याला देवळात पुन्हा विवाह करता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ख्रिस्तसभेच्या न्यायासनांची पद्धत सुटसुटीत केली, दुसऱ्या न्यायासनाकडून निर्णय कायम करून घेण्याची सक्ती काढून टाकली, गरिबांचा खर्च हलका व्हावा अशी इच्छा प्रकट केली. तरीही दारे दोनच राहिली आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

हे कागद शोधू गेल्यास काय होते, तेही सांगितले पाहिजे. विवाहांची नोंद सरकारकडे दर तिमाहीस जाते. घटस्फोटांची अशी एकत्र वही आपल्या देशात नाही. निकालपत्र ज्या न्यायालयाने दिले त्याच्या दप्तरखान्यात पडून असते आणि खटल्याचा क्रमांक व वर्ष ठाऊक असेल तर नक्कल लवकर निघते. नसेल तर पक्षकारांच्या नावावरून शोधीत बसावे लागते. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेला. त्याआधीचे खटले ठाणे जिल्ह्याचे. ख्रिस्तसभेतही तसेच. वसई धर्मप्रांत १९९८ साली झाला. त्यापूर्वीचे निर्णय मुंबई महाधर्मप्रांताच्या कागदांत शोधावयास हवेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या माणसांची गत वेगळी नाही. तेथे देशभराची एक सूची नसून ज्या काउंटीच्या न्यायालयाने निकाल दिला त्याच्या कारकुनाकडे तो असतो, आणि ती काउंटी नवराबायको राहत होती तीच असेल असेही नाही. नेवाडा राज्याने १९३१ साली सहा आठवड्यांचे वास्तव्य पुरेसे ठरविल्यापासून दूरदूरचे लोक तेथे जाऊन घटस्फोट घेत आले. मात्र तेथील एक रीत आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. न्यायालयाने मोहोरबंद केले नसेल, तर आडगावच्या काउंटीतही असे दप्तर बहुधा कोणालाही मागून पाहता येते. लाजेचे सोडा, पण तिसऱ्या माणसाची फसवणूक तेथे कठीण होते.

हा तिसरा माणूस आमच्या चर्चेत कधीच नसतो. परदेशातून स्थळ येते. मुलगा चर्चला जातो का, पितो का, घर स्वतःचे की भाड्याचे, सारे विचारले जाते. आधीचा विवाह झाला होता का, हे विचारणे मात्र असभ्य ठरते. आणि ज्या घराला ठाऊक असते ते घर 'झाले गेले विसरून जावे' म्हणून गप्प राहते. लग्नाची नावे देवळात पुकारली जातात ती कोणाला अडचण ठाऊक असल्यास त्याने सांगावी म्हणून. त्या तीन रविवारी गप्प बसणारा माणूस दयाळू आहे असे आम्हांला वाटत नाही. शोमरोनी स्त्रीच्या पाच नवऱ्यांचा हिशेब प्रभूने विहिरीकाठी तिच्या तोंडावर सांगितला; त्या सत्याने ती लाजून पळाली नाही, घागर तेथेच टाकून गावाला बोलावण्यास धावत गेली.

आमच्या पाहण्यातील धर्मग्रामाच्या कुटुंबपत्रिकांत विवाहित, अविवाहित आणि विधवा किंवा विधुर असे रकाने असतात. माहेरी परतलेल्या लेकीचे नाव बाप 'विवाहित' या रकान्यात लिहितो आणि पुढची पतीच्या नावाची जागा मोकळी सोडतो. विभागातून पत्रिका गोळा करण्यास आलेला तरुण ती जागा पाहतो, काही विचारीत नाही, आणि पत्रिका घडी करून पिशवीत ठेवतो.